मनकर्णामायचं पाणी

सोयाबीनची सोंगणी संपून गावोगाव थ्रेशर सुरू झाली, की मनकर्णाबाईच्या ओट्यावर माणसं यायला लागत. थ्रेशर म्हटलं की कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, उडणार, आणि उडालेलं कुटार कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात जाणार. केनवडच्या आसपासच्या खेड्यांत हे सगळ्यांना माहीत होतं. डोळ्याला पदराचा बोळा लावून, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून माणूस यायचं. मनकर्णाबाई हातातलं काम टाकून उठायची. आधी चूळ भरायची. मग त्या माणसाला खाटेवर आडवं करायची, दोन बोटांनी पापणी उलटवायची आणि जिभेच्या शेंड्यानं आतला कण उचलून आणायची. कण तळहातावर ठेवून दाखवायची.

"हे पाह्य, येवढंसं व्हतं. याच्यासाठी रडून राह्यला व्हता?"

त्यानंतर डोळ्यात पाणी. आपल्या विहिरीचं, तुरटी फिरवून निवळलेलं, गावठी गुलाबाच्या पाकळ्या टाकलेलं. हे पाणी करायला तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं. कुणाकडून ती सुपारीचं खांडसुद्धा घेत नसे. घेतलं तर हाताचा गुण जातो, असं सासूनं सांगितलं होतं. उलट जाताना ती माणसाच्या हातात एक बाटली द्यायची. सकाळ-संध्याकाळ दोन थेंब घाल, म्हणायची. रिसोडच्या बाजारातसुद्धा तिच्या मुलाला, शालिग्रामला, लोक वांग्याचा भाव विचारायच्या आधी मायची खुशाली विचारत.

शालिग्रामचा गावालगत भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि पलीकडच्या तुकड्यात थोडं सोयाबीन. बायको साधना मळ्यात त्याच्या बरोबरीनं राबायची. साधना या घरात आली तेव्हा तिला आई नव्हती. पहिल्या बाळंतपणात तिला कावीळ झाली, तेव्हा मनकर्णाबाईनं तिला चमच्यानं पेज भरवली होती, तिचं लुगडं स्वतःच्या हातानं धुतलं होतं. तेव्हापासून साधना सासूला नुसतं तोंडानं आई म्हणत नव्हती.

यंदा एक बदल झाला होता. पाणी ज्यात ठेवायचं तो तांब्याचा गुंड, मोठा हंडा, बुडाशी झिरपायला लागला. डाग द्यायला रिसोडला न्यायचा होता, पण मेथीची खुडणी आली आणि राहून गेलं. शालिग्रामनं एक पांढरी प्लास्टिकची कॅन आणून दिली, गोड्या तेलाची, घासून-पुसून घेतलेली. ती न्हाणीच्या भिंतीजवळ गारव्याला ठेवली. पाणी कमी झालं की मनकर्णाबाई वरून नवं ओतायची, पाकळ्या टाकायची. कॅनचं तोंड अरुंद, हात आत जात नव्हता, त्यामुळे ती आतून कधी घासली गेली नाही. एकदा झाकण लावताना साधनाचं बोट आतल्या कडेला लागलं. बुळबुळीत होतं, शेवाळावरून फिरल्यासारखं. तिनं बोट पदराला पुसलं.

"आई, यंदा पाण्याचा वास जरा जास्तच गोड नाई येऊन राह्यला? पिकल्या द्राक्षावानी?"

मनकर्णाबाईनं कॅन हुंगली आणि खूश झाली. "गुलाब चांगला उतरला यंदा."

रतनसिंग आला तो याच कॅनमधलं पाणी द्यायला लागल्यावर थोड्याच दिवसांत. तो पलीकडच्या तांड्यावरचा, थ्रेशरवर काम करणारा. मोठा धिप्पाड गडी, पण डोळा मिटून असा कण्हत होता की मनकर्णाबाईला हसू आलं. शेंगेच्या टरफलाचा अणकुचीदार तुकडा बुबुळावर रुतला होता. तिनं तो काढला, पाणी घातलं, बाटली दिली. रतनसिंग पाया पडला आणि पुन्हा कामावर गेला.

दोन-तीन दिवसांनी त्याची बायको हेमला आली. मनकर्णाबाई ओट्यावर सांबाराच्या जुड्या बांधत होती.

"माय, पाणी सरलं. अजून देता का?"

"आता कसा हाय त्याचा डोळा?"

"लाल हाय. सुजला. चिपडं येऊन राह्यले, हिरवेगार. रातभर निजला नाई."

मनकर्णाबाईनं जुडी खाली ठेवली. थोडा विचार केला. "मळ निंगून राह्यला आतला. निंगू दे. दोन थेंबानं भागत नसन तं तासातासानं घाल. साधना, तिले मोठी बाटली भरून दे वं."

साधनानं बाटली भरून दिली. हेमला घाईघाईनं निघून गेली. पुढं काय झालं ते कळलं नाही, आणि थ्रेशरच्या दिवसांत चौकशी करत बसायला कुणाला सवड नव्हती. त्या आठवड्यात ओट्यावर रोज माणसं येत होती. बहुतेक बरी होऊन जात होती, निदान परत येत नव्हती. परत आलं नाही म्हणजे बरं झालं, असंच मनकर्णाबाई समजत आली होती.

मग शालिग्रामच्या तुकड्यातलं सोयाबीन थ्रेशरला लागलं. साधना पेंढ्या देत होती. वारा फिरला आणि कुटाराचा लोट तिच्या तोंडावर आला. तिनं डोळा चोळला. चोळायला नको होता. घरी येईपर्यंत पापणी उघडेना. मनकर्णाबाईनं तिला खाटेवर निजवलं, कण काढला, डोळा भरून पाणी घातलं, आणि रात्री झोपताना पुन्हा घातलं.

सकाळी साधना उठली ती डोळ्यात मिरची भरल्यासारखी. उजेड सहन होत नव्हता. सासूनं पाणी घातलं. दुपारी घातलं. संध्याकाळपर्यंत पापण्या चिकटल्या आणि त्यांच्या फटीतून हिरवट पू यायला लागला.

"मळ हाय," मनकर्णाबाई म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दारातल्या उजेडात सुनेला बसवलं आणि पापणी वर केली. काळ्या बुबुळाच्या मधोमध पांढरा डाग आला होता. साबुदाण्याचा भिजलेला दाणा असावा तसा, आणि त्याच्या कडा विरघळल्यासारख्या फुगलेल्या. मनकर्णाबाईनं आजवर नाही म्हटलं तरी हजारभर डोळे उलटून पाहिले असतील. असं काही तिनं पाहिलं नव्हतं.

तिनं पापणी हळूच सोडली. "शालिग्राम," ती म्हणाली, "वाशीमले ने तिले. आत्ताच ने."

वाशीमच्या दवाखान्यातली डोळ्यांची डॉक्टर सुप्रिया पस्तिशीची होती. साधनाची हनुवटी यंत्रावर टेकवून तिनं डोळ्यावर उजेड टाकला.

"कण कधी गेला?"

"परवा," शालिग्राम म्हणाला.

"परवा?" तिनं पुन्हा पाहिलं. "दोन दिवसांत इतकं?"

तिनं बुबुळावरचा थोडा पू खरवडून काचेवर घेतला, थोडा तपासणीच्या बशीत पेरला. मग साधनासमोर बसली.

"डोळ्यात काय घातलं होतं? खरं सांगा. मी रागावणार नाही. एखादा पाला, दूध, दुकानातून आणलेले थेंब?"

"काही नाई," साधना म्हणाली.

"कुणाकडून कण काढून घेतला?"

"आपोआप निंगाला. पाण्यानं धुतला फकस्त."

"कसलं पाणी?"

"नळाचं."

शालिग्राम भिंतीकडे पाहत राहिला. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहून उठली. ती बाहेर गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "खोटं काहून बोलली?"

"मंग काय सांगू? आईनं घातलं म्हणून? उद्या सारा दवाखाना म्हणन, त्या म्हातारीनं सुनेचा डोळा घालवला. मेली तं मेली, मी नाई सांगत." तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं. "अन् पाण्यात काय असन? आपण सारे त्याच्यानंच डोळे धुतो ना?"

तिला वॉर्डात ठेवलं. तासातासाला नर्स दोन वेगवेगळ्या औषधांचे थेंब घालून जायची. थेंब पडले की साधना खाटेची दांडी घट्ट धरायची. पलीकडच्या कोपऱ्यातल्या खाटेवर एक धिप्पाड माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. पायाशी त्याची बायको बसली होती. साधनानं एका डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. हेमला होती.

हेमलानंही ओळखलं. जवळ आली, साधनाचा हात धरला, आणि मग एकदम रडायला लागली. "त्याइचा डोळा फुटला, बाई. आतलं सारं भाईर आलं. डाक्टरीन म्हणते काढा लागते."

साधनानं रतनसिंगच्या पट्टीकडे पाहिलं.

नर्स आली, रतनसिंगची पट्टी सोडून थेंब घालून गेली. ती दाराबाहेर गेल्यावर हेमलानं इकडं-तिकडं पाहिलं, कमरेची पिशवी उघडली आणि एक बाटली काढली. झाकण उघडून नवऱ्याच्या डोळ्यावर वाकली.

"हेमला, हे काय?"

"मायचं पाणी." हेमला जवळजवळ कुजबुजली. "डाक्टरीनले नोका सांगू. तिच्या औषधानं आग होते त्याइले. यानं थंड वाटते. तुमीच तं भरून देल्ली व्हती ना बाटली?"

वॉर्डात तो गोड वास पसरला. पिकल्या द्राक्षाचा. साधना खाटेवर उठून बसली. थोड्या वेळापूर्वी नर्सनं तिच्या स्वतःच्या डोळ्यावरचा कापूस बदलला होता आणि घाण कापूस खालच्या भांड्यात टाकला होता. त्या भांड्यातूनही तोच वास येत होता. मघापासून येत होता. तिला तो दवाखान्यातल्या औषधाचा वाटला होता.

ती उठली. हेमलाच्या हातातून तिनं बाटली जवळजवळ हिसकावली.

"बाई, काय करून राह्यल्या?"

"नोको घालू. थेंबभर बी नोको घालू."

बाटली पदराखाली धरून भिंतीच्या आधारानं ती डॉक्टरच्या खोलीपर्यंत गेली. मागून शालिग्राम धावत आला. डॉक्टर सुप्रिया रतनसिंगच्या तपासणीच्या बशा पाहत होती. साधनानं बाटली टेबलावर ठेवली.

"मॅडम, मी खोटं बोलली. हे पाणी घातलं व्हतं. रतनसिंगनंही हेच घातलं. आता बी घालून राह्यले."

डॉक्टरनं बाटली उचलली, झाकण उघडून हुंगली. तिनं रतनसिंगच्या बशीचं झाकण किंचित उचलून ती शालिग्रामपुढे धरली. आतला थर हिरवट निळा झाला होता. शालिग्रामला तोच गोड वास आला आणि तो मागे सरला.

"हा जंतू पाण्यात राहतो," डॉक्टर म्हणाली. "ओलसर जागी, नळाच्या तोंडाला, प्लास्टिकच्या डब्याला आतून चिकटून बुळबुळीत थर करतो. हा गुलाबाचा वास नाही. त्याचा स्वतःचा आहे."

"पण मॅडम," शालिग्राम म्हणाला, "माय रोज सकाळी त्याच पाण्यानं सोताचे डोळे धुते. मी बी धुतो. आमाले काहून काही नाई झालं?"

"कारण तुमच्या डोळ्यावर ओरखडा नाही. साबूत डोळ्यावर हा जंतू टिकत नाही, पापणी मिटली की धुऊन जातो. कुटारानं खरचटलं की त्याला पेशीला चिकटायला जागा मिळते." तिनं टेबलावरची एक सुई हातात घेतली, मग ती पुरेशी वाटली नाही म्हणून खाली ठेवली. "त्याच्या अंगावर एक नळी असते. आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकातसुद्धा दिसत नाही इतकी बारीक. पेशीला चिकटला की ती नळी तो पेशीच्या भिंतीत खुपसतो आणि इंजेक्शन द्यावं तसं आपलं विष आत सोडतो. स्वतः बाहेरच राहतो. आणि ते विष त्याच्याजवळ असेपर्यंत निपचित असतं. आपल्या पेशीत गेलं, की आपल्याच पेशीतली एक वस्तू त्याला जागं करते. मग ते पेशीचं आवरण आतून खातं. काही तासांत पेशी फुटते. मग शेजारची. बुबुळ असं विरघळत जातं."

साधना खुर्चीवर बसली होती. "माह्या डोळ्यात आता बी ते चालू हाय?"

"औषधानं थांबवतो आहोत. तुम्ही लवकर आलात." डॉक्टरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि शालिग्रामकडे वळून विचारलं, "घरी ते पाणी अजून कुणाला देतात?"

शालिग्रामनं खिडकीबाहेर पाहिलं. दुपार टळत होती. "आज तं बाजूच्या गावात थ्रेशर हाय," तो म्हणाला. "ओट्यावर माणसं असतीन."

घरचा मोबाईल त्याच्याच खिशात होता. शेजारच्या जानरावला त्यानं फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. जानराव थ्रेशरवर असणार, त्या आवाजात काय ऐकू येणार? पुन्हा लावला, पुन्हा तेच. शालिग्राम गाडीची किल्ली घेऊन निघाला.

रिसोड मागे टाकून तो गावात पोचला तेव्हा ओट्यावर पाच-सहा माणसं बसली होती. एक बाई डोळ्याला फडकं लावून वळकटीला टेकली होती. खाटेवर धीरज नावाचा शेजारच्या गावचा तरुण आडवा होता. मनकर्णाबाईनं त्याचा कण नुकताच काढला होता आणि तिच्या हातात तांब्या होता.

"माय, थांब! पाणी नोको घालू!"

मनकर्णाबाई दचकली. "साधनाले कसं हाय?"

"तांब्या खाली ठेव आधी." तो धापा टाकत होता. एवढ्या लोकांपुढं बोलायचं म्हणून त्याची जीभ अडखळली, पण वेळ नव्हता. "या पाण्यात जंतू हाय. साधनाचा डोळा याच्यानंच गेला. रतनसिंगचा बी. त्याचा तं उद्या काढून टाकणार हायेत."

मनकर्णाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. मुलानं भर माणसांत थोबाडीत मारली असती तरी तिचा चेहरा असा झाला नसता.

"कोण म्हणते?"

"डाक्टर म्हणते. मी डोळ्यानं पाह्यलं, माय. वास बी तोच."

"माह्या सासूचं पाणी हाय हे. आंधळ्या लोकायनं याच्यानं डोळे उघडले. याच्यात जंतू?" तिनं तांब्या वर उचलला. कुणी काही म्हणायच्या आत मान मागे टाकून तिनं सगळं पाणी आपल्या उघड्या डोळ्यांवर ओतलं. पाणी गालांवरून, गळ्यावरून लुगड्यावर ओघळलं. तिनं डोळे मोठे करून सगळ्यांना दाखवले. "पाह्य! सकाळी बी घातलं व्हतं. रोज घालतो. मी काहून आंधळी नाई झाली?"

"खरं हाय मायचं," फडकं लावलेली बाई म्हणाली. दोघा-तिघांनी माना हलवल्या.

"तुह्या डोळ्याले ओरखडा नाई, माय!" शालिग्राम ओरडला. "ओरखडा असन तवाच तो चिकटते. यायच्या साऱ्यायच्या डोळ्याले ओरखडा हाय!"

"मायले शिकवून राह्यला का बे तू?" एक म्हातारा म्हणाला. "बायको दवाखान्यात, म्हणून डोकं फिरलं याचं."

धीरज खाटेवर उठून बसला. पापणी चोळत तो म्हणाला, "घाला, माय. मले काही होत नाई."

मनकर्णाबाई तांब्या भरायला न्हाणीकडे वळली. शालिग्राम तिच्या आधी पोचला. त्यानं कॅन उचलली आणि अंगणात उपडी केली. पाणी भळभळ बाहेर पडलं, पाकळ्या मातीत चिकटल्या. शेवटी बुडाशी साचलेला बुळबुळीत हिरवा थर गोळ्यागोळ्यांनी तोंडातून बाहेर आला आणि अंगणात पडला. लोक उठून उभे राहिले. कुणीतरी शिवी दिली. ती बाई मात्र वाकून त्या थराकडे पाहत होती.

"हे आतमंदी व्हतं?" तिनं विचारलं.

रिकामा तांब्या हातात धरून मनकर्णाबाई न्हाणीच्या दारात उभी होती.

शालिग्रामनं गावातली जीप केली आणि ज्यांच्या डोळ्यांत कण होते त्यांना वाशीमला नेलं. दोघे आले नाहीत. धीरज आला, कुरकुरत. डॉक्टरनं त्याच्या बुबुळावरचा ओरखडा दाखवून औषध सुरू केलं आणि त्याचा डोळा वाचला. न आलेल्या दोघांपैकी एकाला पुढच्या आठवड्यात त्याच्या भावानं आणलं. त्याच्या बुबुळाला भोक पडलं होतं.

रतनसिंगचा डोळा काढला. साधनाच्या डोळ्यातली आग हळूहळू थांबली, पण मधोमध पांढरा डाग राहिला. नागपूरला दान आलेला बुबुळाचा पडदा मिळाला तर बसवता येईल, असं डॉक्टर म्हणाली. नाव लावून ठेवलं.

ती घरी आली तेव्हा मनकर्णाबाई चुलीपुढं होती. उठली, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं. पण सुनेच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. जेवणं झाली. मनकर्णाबाई भांडी घेऊन उठायला लागली तेव्हा साधनानं तिचा हात धरला.

"आई, माह्या डोळ्यात पाहा."

"राहू दे."

"पाहा ना. आजवर साऱ्या गावाच्या डोळ्यात पाह्यलं तुमी."

मनकर्णाबाईनं हात पदराला पुसले. साधनाला दिव्याखाली बसवलं, आणि जन्मभराच्या सवयीनं दोन बोटांनी पापणी वर केली. डाग तिथंच होता. तिनं पापणी सोडली.

"काही दिसते?"

"उजेड दिसते. तुमची सावली दिसते."

मनकर्णाबाई भिंतीला टेकली. ती बोलायला लागली, पण साधनाशी नाही, स्वतःशीच. "जानरावच्या लेकीले देल्ली एक बाटली. मोहनसिंगच्या घरी एक. देवळाजवळच्या त्या चंपतले दोन. केनवडच्या बाजारात त्या बांगडीवालीले..." ती थांबली, आठवलं, पुन्हा सांगू लागली. साधना ऐकत राहिली. बाटल्या संपतच नव्हत्या.

सकाळी मनकर्णाबाई शालिग्रामच्या गाडीवर मागे बसली. गावोगाव फिरून ती बाटल्या मागायला लागली. काही घरांनी लगेच दिल्या. काहींनी, सरलं म्हणून सांगितलं. खरं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. तांड्यावर हेमलानं तिला ओट्याच्या पायरीवरच अडवलं.

"आत नोका येऊ, माय. तुमचा आवाज आयकला की ते उठून बसतेत."

मनकर्णाबाईनं पायरीवर डोकं टेकवलं. हेमलानं तिला उठवलं नाही, हाकललंही नाही. आत खाट करकरली. मग दोघं निघून आली.

त्या दिवशीचं शेवटचं घर नानीबाईचं होतं. नानीबाई मनकर्णाबाईच्याच वयाची, शेताच्या कडेला एकटं घर, नातवंडांनी भरलेलं. दारातून आत भिंतीतली देवळी, लाकडी दाराचा कोनाडा, उघडी दिसत होती, आणि देवळीत, देवाच्या फोटोशेजारी, पाण्याची बाटली उभी होती. तिच्यापुढं झेंडूचं फूल वाहिलेलं होतं.

"नानी, ते पाणी दे मले. त्याच्यात विष हाय."

नानीबाई हसली. "तुह्या हातात विष? माह्या पोराचे डोळे कोणं वाचवले मंग? त्या डाक्टरनीनं तुले भेव घातलं, बाई. तिची दुकानदारी बसते ना तुह्यानं."

"नाई नानी. मी सुनेचा डोळा पाह्यला."

"एखाद्याच्या नशिबात असते. तू आपलं नाव काहून खराब करून राह्यली?"

शालिग्राम उंबऱ्यापर्यंत गेला. नानीबाईचे दोन मुलगे खळ्यावरून उठून दारात येऊन उभे राहिले. नानीबाईनं आत जाऊन देवळीचं दार लोटलं.

"चाल, माय," शालिग्राम म्हणाला. "साधनाच्या थेंबाचा वखत झाला."

"तू जाय. मी इथंच बसतो," मनकर्णाबाई म्हणाली.

"इथं कुठं बसतं?"

ती रस्त्याच्या कडेला, नानीबाईच्या दारासमोर, बाभळीखाली मातीत बसली होती. शालिग्रामनं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. ती हलली नाही. नाइलाजानं तो निघाला.

दुपारभर ती तिथं बसून राहिली. शेतावरून येणारे-जाणारे थांबून पाहत. कुणी पाणी विचारलं, तिनं नको म्हटलं. पोरं घरातून डोकावून जात. ऊन उतरल्यावर नानीबाई बाहेर आली. तिनं बाटली मनकर्णाबाईच्या मांडीवर ठेवली आणि मागे फिरली.

बाटली अर्धी रिकामी होती.

"नानी," मनकर्णाबाईनं हाक मारली. "कोणाच्या डोळ्यात घातलं?"

नानीबाईनं दार लावून घेतलं. आत एक पोर रडत होतं, आणि कुणीतरी त्याला गप्प करत होतं.